आमच्या घरी या, तुमच्या घरी येतो



आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक इच्छा दडून असते. परमपूज्य बाबासाहेब विद्यार्थी म्हणून लंडनमध्ये ज्या घरात राहिले, ते घर एकदा डोळ्यांनी पाहावे. किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिथल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. ती बातमी आम्ही कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. कपाट उघडले की रोज दिसायची आणि कपाट लावले की इच्छाही आत बंद व्हायची.

आम्ही दोघे नवरा-बायको. एकाने वीज खात्यात लाइनमन म्हणून खांबांवर चढउतार केली, दुसरीने अंगणवाडीत पोरे सांभाळली. निवृत्तीनंतर हिशेब मांडला, तेव्हा विमानाच्या तिकिटापुरते पैसे निघत होते. घोडे अडले ते मुक्कामावर. लंडनच्या साध्या हॉटेलात पंधरा दिवस राहायचे म्हटले तर तिकिटापेक्षा जास्त पैसा लागणार. आमची थोरली मुलगी पुण्याला नर्स आहे. ती म्हणाली, "आई-बाबा, हॉटेल कशाला? घराची अदलाबदल करा ना. त्यांनी आपल्या घरी राहायचं, तुम्ही त्यांच्या."

आम्हाला वाटले पोरगी थट्टा करते. इंदोऱ्याजवळचे आमचे दोन खोल्यांचे घर, आणि त्याच्या बदल्यात लंडन?

पण ती थट्टा नव्हती. ही पद्धत बरीच जुनी आहे. इंटरवॅक आणि होमलिंक या दोन संस्थांचा उगम १९५३ सालचा, आणि दोन्हींच्या मुळाशी शाळामास्तर होते. शिक्षकांची सुट्टी लांब आणि पगार बेताचा. तेव्हा सुट्टीत तू माझ्या घरी राहा, मी तुझ्या घरी राहतो, भाडे कोणी कोणाला द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे १९९२ साली होमएक्स्चेंज निघाली, आणि इंटरनेट आल्यावर अशा संस्थांचा पसारा जगभर वाढला. म्हणजे ही श्रीमंतांची चैन म्हणून निघालेली गोष्ट नाही. पगारदार माणसांनी काढलेली युक्ती आहे. हे कळले तेव्हा आमची भीड थोडी चेपली.

अदलाबदल तीन तऱ्हांची असते. दोन्ही कुटुंबांनी एकाच वेळी घरे बदलायची, ही पहिली. त्यांनी आज यायचे आणि आपण सवडीने पुढे केव्हातरी जायचे, ही दुसरी. तिसरीत घरमालक घरातच असतो आणि पाहुण्याला एक खोली देतो. काही संस्थांत गुण मिळतात. तुमच्याकडे कोणी राहून गेले की तुमच्या खात्यात गुण जमा होतात आणि ते गुण तुम्ही तिसऱ्याच कोणाच्या घरी वापरू शकता. आम्ही एका संस्थेची वर्षाची वर्गणी भरली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सभासद झालो.

आता आमची चूक सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

घराचे फोटो द्यायचे होते. थोरली दिवाळीच्या सुट्टीत आली होती. तिने घर आवरले, नव्या चादरी घातल्या, शेजारून दोन कुंड्या मागून आणल्या. समोरच्या खोलीत भिंतीवर आमच्याकडे दोन फोटो आहेत. तथागत बुद्ध आणि बाबासाहेब. मोबाइल हातात धरून ती जराशी थांबली आणि म्हणाली, "बुद्ध राहू द्या. बुद्ध सगळ्यांना चालतो. बाबासाहेबांचा फोटो तेवढा काढा."

आम्ही काही बोललो नाही. स्टूल घेतले, फोटो उतरवला, पुसला आणि पलंगावर उलटा ठेवला. फोटो काढून झाल्यावर पुन्हा जागेवर लावला. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. पण त्या दहा मिनिटांत आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

ती असे का म्हणाली, हे आम्हाला ठाऊक होते. पुण्यात तिने दोन मैत्रिणींसोबत भाड्याचे घर शोधले होते. खोली पाहायची, पसंत पडायची, अनामत रक्कमही ठरायची. मग घरमालक पूर्ण नाव विचारायचे. आडनाव ऐकले की चेहरा तसाच हसरा राहायचा, पण संध्याकाळी फोन यायचा की गावाकडून भाचा येणार आहे, खोली त्यालाच द्यावी लागेल. पाच घरे पाहिली आणि पाच भाचे निघाले. ती हसत सांगायची, "पुण्यातल्या घरमालकांना भाचे फार." पण सहाव्या वेळी तिने मैत्रिणीला पुढे केले आणि स्वतः गप्प बसली. ते घर मिळाले. गप्प बसून मिळाले, हे तिच्या मनात कुठेतरी रुतून राहिले.

तर असे ते माहितीचे पान तयार झाले. दुसऱ्यांची पाने पाहून आम्हीही लिहिले की घर सुंदर आहे, प्रशस्त आहे, शहराच्या मध्यभागी आहे, सर्व सोयी आहेत. यातले एकही वाक्य धड खरे नव्हते. घर स्वच्छ आहे, पण प्रशस्त नाही. शहराचा मध्य आमच्यापासून बराच लांब. आणि नळाला पाणी सकाळी येते, ते भरून ठेवावे लागते.

मग लंडनमधली घरे पाहून विनंत्या पाठवायला सुरुवात केली. मजकूर एकच. तुमचे घर फार आवडले, मे-जूनमध्ये अदलाबदल कराल काय? वरचे नाव तेवढे बदलायचे. जानेवारीपर्यंत २६ विनंत्या गेल्या. १९ ठिकाणांहून नकार आला, ७ जणांनी उत्तरच दिले नाही.

वाचकहो, नकाराची आपल्या लोकांना सवय आहे असे म्हणतात. ते खोटे आहे. नकाराची सवय कोणालाच होत नसते. उलट ज्याने पुष्कळ नकार पचवले, त्याला नवा नकार जुन्या सगळ्या नकारांसकट लागतो. सातासमुद्रापलीकडच्या कोणी लिहिले की क्षमा करा, त्या तारखांना जमणार नाही, तरी आम्हाला त्यात पुण्यातला भाचाच दिसायचा. ज्या माणसाने आमचे आडनाव कधी ऐकलेले नाही, ज्याला त्याचा अर्थ कळायचा संबंध नाही, त्याच्यावरही आम्ही रागावत होतो.

त्याच सुमारास आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरातून विचारणा आली. त्या कुटुंबाला दोन रात्री नागपुरात काढायच्या होत्या. आम्ही आनंदाने या म्हटले. मग तिकडून प्रश्न आला, पूर्ण नाव काय? दिले. पुढचा प्रश्न, घरात काय शिजते? तेही सांगितले. त्यानंतर निरोप आला की कार्यक्रम बदलला आहे. हा नकार आम्ही लगेच ओळखला. हा आमच्या ओळखीचाच होता.

पण त्यामुळे एक फायदा झाला. दोन्ही नकार शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. फेब्रुवारीत थोरली घरी आली, तेव्हा तिघांनी बसून ते १९ नकार पुन्हा वाचले. या वेळी रागाने नाही, शाळेतला धडा वाचावा तसे. कोणी लिहिले होते की मुलांच्या शाळेमुळे फक्त ऑगस्टच जमतो. कोणी दुसऱ्याला आधीच शब्द दिला होता. एकाने सरळ विचारले होते की मे महिन्यात नागपूरला किती ऊन असते? पंचेचाळीस अंश! खरेच, मे महिन्यात नागपूरला कोण येईल हो? आम्हीच नातेवाइकांकडे गेलो असतो. दोघांनी लिहिले होते की तुमच्या पानावर अजून कोणाचा अभिप्राय नाही, तेव्हा पहिल्या वेळी जरा धास्ती वाटते. यातला एकही नकार आमच्या माणूसपणाला नव्हता. नकार तारखांना होता, उन्हाला होता, नवखेपणाला होता, आणि एकाच मजकुराच्या २६ पत्रांना होता.

मग आम्ही आमचे पान उघडले. समोरच्या खोलीच्या फोटोत बुद्धाच्या शेजारी भिंतीवर एक चौकोन दिसत होता. बाकी भिंत धुराने आणि वर्षांनी पिवळट पडलेली, आणि जिथे बाबासाहेबांचा फोटो असतो तेवढीच जागा पांढरी स्वच्छ. फोटो काढला तरी फोटोची जागा लपली नव्हती.

आजी, म्हणजे आमच्या सासूबाई, पलंगावर बसून हे सगळे ऐकत होत्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांनी विचारले, "काय लिवलं हाय तुमी त्या गोऱ्याइले?" आम्ही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आन् दसऱ्याचं? आपल्या घरी दसऱ्याले किती लोक येतात, ते नाई लिवलं काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

नागपूरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला लाखो लोक नागपूरला येतात. त्यातले कितीतरी वस्त्यांमधल्या घरांत उतरतात. आमच्या घरी आजींच्या तरुणपणापासून हे चालले आहे. यवतमाळचे, हिंगोलीचे, परभणीचे लोक. पहिल्या वर्षी कोण, कुठले, काही ठाऊक नसते. गच्चीवर सतरंज्या पडतात, पहाटे मोरीपुढे रांग लागते, भाकरी-चटणीची गाठोडी सुटतात, आमच्याकडचे वरण-भात त्यात मिसळते. जाताना पत्ता देऊन जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. घर परक्यासाठी उघडायचे, त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही, विश्वासावर किल्ली ठेवायची, हे शिकायला आम्हाला कोणत्याही संस्थेची वर्गणी भरायची गरज नव्हती. आमच्याजवळ इतक्या वर्षांचा अनुभव होता आणि नेमका तोच आम्ही पानावर लिहिला नव्हता. आम्ही चादरींचा रंग लिहिला होता!

त्या रात्री थोरलीशी बाबासाहेबांच्या बडोद्याच्या दिवसांविषयी बोलणे निघाले. १९१७ साली अमेरिकेतून शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तिथून काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे जागा होते का पाहिले, तिथेही जमले नाही. काही तास कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आम्ही म्हणालो, "पोरी, त्यांच्यावर नाव लपवायची वेळ लादली गेली होती. आपल्यावर कोणी लादली होती?"

ती म्हणाली, "माझ्यावर लादली ना. पुण्यात."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिचे खरे होते. भाड्याच्या घरासाठी गप्प बसलेल्या पोरीला आईबापांनी उपदेश करू नये. पण थोड्या वेळाने तीच उठली, मोबाइल घेतला आणि म्हणाली, "चला, दिवा लावा. समोरच्या खोलीचा फोटो पुन्हा घेऊ." या वेळी दोन्ही फोटो भिंतीवर होते.

मजकूरही तिनेच नव्याने लिहिला. घर दोन खोल्यांचे आहे. पाणी सकाळी येते, पिंप भरलेले मिळेल. मे महिन्यात फार ऊन असते, येऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या. भिंतीवर जे गृहस्थ आहेत ते डॉ. आंबेडकर, भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. त्यांच्यामुळे आम्ही शिकलो आणि बौद्ध झालो. दसऱ्याला आमच्या घरी अनोळखी पाहुणे असतात आणि आम्हाला ते आवडतात. लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले ते घर पाहणे ही आमची इच्छा आहे.

आता नवीन सभासदाने काय करावे, ते आमच्या अनुभवावरून सांगतो. ज्यांना पुढेमागे हे करायचे असेल त्यांनी कात्रण ठेवावे.

पहिली गोष्ट, ज्या शहरात सगळ्या जगाला जायचे असते तिथेच हट्ट धरू नये. लंडनमधल्या घरवाल्याकडे विनंत्यांचा ढीग असतो. लंडनला रेल्वेने जोडलेल्या लहान गावांत तशी गर्दी नसते. आम्ही आसपासची गावे पाहू लागलो तेव्हा लोक सविस्तर उत्तरे देऊ लागले.

दुसरी गोष्ट, कोणाला विचारायचे ते आधी पाहावे. कित्येक सभासद आपल्याला कोणत्या देशात जायचे आहे ते लिहून ठेवतात. ज्याने भारत लिहिला असेल त्याला आधी विचारावे. जो स्वतः नवा आहे त्यालाही विचारावे. त्यालाही कोणी हो म्हणत नसते, त्यामुळे तो आपले दुःख जाणतो.

तिसरी गोष्ट, पत्र प्रत्येकाला वेगळे लिहावे. त्याने आपल्या घराविषयी काय लिहिले ते नीट वाचावे. त्याच्या घरी मांजर असेल तर मांजराचे कोण पाहील ते लिहावे. बाग असेल तर पाणी घालू म्हणावे. आपण कोण, किती जण, केव्हा येणार, तारखा किती मागेपुढे करता येतील, हे पाच-सात ओळींत सांगावे. आणि शेवटी, जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, असेही लिहावे. ज्याला नाही म्हणायची मोकळीक दिली तो हो म्हणायला घाबरत नाही.

चौथी गोष्ट, सहा-आठ महिने आधी विचारावे आणि एकाच वेळी अदलाबदलीचा आग्रह सोडावा. तुम्ही हिवाळ्यात या, आम्ही उन्हाळ्यात येतो, असे म्हटले की निम्म्या अडचणी गळून पडतात.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. आधी द्यावे, मग मागावे. अभिप्राय नसेल तर होकार मिळत नाही आणि होकार नसेल तर अभिप्राय मिळत नाही, असा तो पेच असतो. तो आपणच कोणाला तरी आधी घरी ठेवून सोडवायचा. मार्चमध्ये हॉलंडचे एक तरुण जोडपे पेंचच्या जंगलाकडे जाता जाता आमच्याकडे दोन रात्री राहिले. सकाळी त्यांना तर्री पोहे दिले. तर्री जरा कमी करायला हवी होती. दोघांच्या डोळ्यांतून पाणी, पण ताटली त्यांनी सोडली नाही. जाताना त्यांनी अभिप्राय लिहिला की घर लहान आहे, पण जे लिहिले आहे ते सगळे खरे आहे.

त्या एका अभिप्रायाने आमचे पान उजळले. त्यानंतर आम्ही फक्त ८ पत्रे पाठवली. त्यातला एक होकार मेमध्ये आला.

तो बेडफर्डहून आला. लंडनच्या उत्तरेला असलेले हे गाव, थेट रेल्वेने सुमारे तासाभरावर. घर एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचे. त्यांनी लिहिले की मी पुष्कळ सुंदर आणि प्रशस्त घरांची वर्णने वाचली आहेत, पण अनोळखी पाहुणे आवडतात असे लिहिणारे घर पहिल्यांदा पाहिले. आणि पुढे विचारले की दसऱ्यालाच आले तर गर्दीत माझी अडचण होईल का? त्यांची अडचण! आम्ही लिहिले, अडचण कसली, फक्त खोलीत दोन आज्या सोबत असतील.

आधी मोबाइलवर समोरासमोर बोलणे झाले. हे प्रत्येकाने करावे. त्यांनी त्यांचे घर फिरवून दाखवले, आम्ही आमचे. अनोळखी माणूस संस्थेच्या बाहेरून निरोप पाठवून अनामत मागू लागला तर एक पैसा देऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. आपण भाड्याच्या घरात असू तर मालकाची परवानगी आधी घ्यावी. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावे लागते. ते काम आम्ही त्याच संध्याकाळी केले.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. बाई आल्या. त्या रात्री घरात आणि गच्चीवर मिळून एकोणीस माणसे होती. नकारही १९ आणि पाहुणेही एकोणीस, असे थोरली म्हणाली आणि सगळे हसलो. बाई पांढरी साडी नेसल्या, ती हिंगोलीच्या दोन बायकांनी नेसवली. दीक्षाभूमीच्या रांगेत त्या आजींच्या चाकाच्या खुर्चीला हात लावून उभ्या होत्या. आजींना इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी येत नाही. तरी दोघींचे बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले होते. काय बोलल्या ते दोघींनाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षी, जून २०२५ मध्ये, बाई बहिणीकडे वेल्सला गेल्या आणि त्यांच्या घराची किल्ली आमच्या हाती आली. त्याआधी व्हिसाचे दिव्य होते. संस्थेने हो म्हटले म्हणजे सरकारने हो म्हटले असे नसते. बाईंनी सही करून पत्र दिले. पत्ता, तारखा, राहण्याचे पैसे घेणार नाही, असे सगळे त्यात होते. आम्ही पेन्शनची कागदपत्रे आणि बँकेचे सहा महिन्यांचे पान जोडले. नकार आला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, म्हणून कागद नीट लावावेत आणि व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढू नये.

बेडफर्डच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर बाईंच्या अक्षरात कागद ठेवला होता. गरम पाण्याचा नळ कोणता, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, शेजारच्या कोणाकडे दुसरी किल्ली आहे. आमच्या पानावरचे नळाचे वाक्य त्यांना फार आवडले होते, म्हणून त्यांनीही नळापासूनच सुरुवात केली होती.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने सेंट पॅन्क्रसला उतरलो, तिथून भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्टेशन. पुढे पायी. साधी शांत गल्ली, एकाला एक लागून उभी घरे, आणि त्यातल्या एकावर बाबासाहेबांच्या नावाची निळी गोल पाटी. आम्ही समोरच्या बाजूला बराच वेळ नुसते उभे होतो. एकमेकांना काही म्हणालो नाही. तिथे एक गोष्ट आठवली. या घराचे स्मारक झाल्यावर शेजाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली होती आणि तिथल्या स्थानिक परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली होती. अपील झाले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटन सरकारने परवानगी दिली. म्हणजे या घरालाही आधी नकारच मिळाला होता. पण तो कागदावर होता, कारणांसह होता, आणि म्हणून त्याच्याशी कागदावर लढता आले. भाच्याशी लढता येत नाही. भाच्याचा कागद नसतो.

वाचकहो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. परदेशात सगळे लोक चांगले आणि इकडे सगळे वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. तिकडेही माणसे कातडीचा रंग पाहतात, हे आपले तिकडचे बांधव सांगतात. आणि आमच्या घरी दसऱ्याला गच्चीवर झोपणारी माणसे इकडचीच आहेत. आम्हाला एवढेच कळले की प्रत्येक नकार एक नसतो. जो नकार तारखांना आहे त्यावर तारीख बदलावी. जो आपल्या पत्राला आहे त्यावर पत्र नव्याने लिहावे. आणि जो आपल्या आडनावाला आहे, त्याच्यासाठी आपण बदलू नये. पण हे तिन्ही नकार वेगळे ओळखायचे असतील तर आधी आपल्या पानावर आपण खरे असायला हवे. फोटो काढून ठेवला असता, तर होकार आला तरी तो कोणाला आला हे आम्हाला कधीच कळले नसते.

थोरलीने यंदा पुण्यातले घर बदलले. या वेळी ती स्वतः पुढे झाली आणि पहिल्याच भेटीत पूर्ण नाव सांगितले. दोन ठिकाणी भाचे निघाले. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईंनी फक्त एवढेच विचारले की रात्रपाळी असते का, म्हणजे दाराची एक किल्ली तुझ्याकडे जास्तीची देऊन ठेवते. नव्या खोलीत तिने सामान लावायच्या आधी भिंतीवर खिळा ठोकला आणि आम्हाला त्याचा फोटो पाठवला. अजून त्यावर काहीच लावलेले नव्हते. नुसता खिळा. आम्ही परवाच्या गाडीने फोटो घेऊन पुण्याला निघालो आहोत.

जय भीम.